पुढे पाठ, मागे सपाट: वाचलेलं टिकवायचं कसं?

कोरी_पाटी

नोकरी सांभाळून एका परीक्षेचा अभ्यास करतेय. नियम, कलमं, मुदती, अपवाद असा सगळा मामला आहे. वाचताना सगळं कळतं, मान डोलवत डोलवत प्रकरण संपतं. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, "अपील किती दिवसांत करायचं?" तर उत्तर डाव्या पानावर होतं, वरून दुसऱ्या परिच्छेदात होतं, शेजारी पिवळी रेघ होती, इथपर्यंत सगळं आठवतं. आकडा तेवढा आठवत नाही.

नेटवर शोधलं तर एक म्हणतो हायलायटर वापरा, दुसरा म्हणतो मनात महाल बांधा, तिसरा गोळ्या विकतोय. इथे शिकवणारे, परीक्षांतून गेलेले, या विषयावर वाचणारे बरेच आहेत म्हणून धागा काढला. "मन लावून वाच" हा सल्ला कृपया नको, मन लावलेलंच आहे. खरोखर काय उपयोगी पडतं आणि कशाचा नुसता भास होतो, एवढं सांगा.

झोपाळू_जांभई

वेळेवर झोपा. (हा सल्ला मी प्रत्येक धाग्यावर देतो. इथे तो विषयाला धरून आहे.)

खडूमास्तर

ताई, "वाचताना सगळं कळतं" हीच मेख आहे. तिसऱ्या-चौथ्यांदा वाचताना वाक्य ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला ते येतं अशी समजूत होते. परीक्षेत पान मिटलेलं असतं. मिटलेल्या पानामागचं आठवून बाहेर काढायचं असतं, आणि नेमका त्याचाच सराव कुणी करत नाही.

यावर २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो, कारण तो कुठल्याही वर्गात करून बघता येतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारही सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहिलं. बरोबर की चूक हेही त्यांना सांगितलं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० वर आले होते आणि लिहिणारे ६१ वर. गंमत अशी, की आपल्याला सगळ्यात जास्त लक्षात राहील असा अंदाज वाचणाऱ्या गटानेच केला होता.

आता करायचं कसं ते सांगतो, कारण "स्वतःची परीक्षा घ्या" म्हटलं की लोक प्रकरणामागचे प्रश्न सोडवतात, तेही उत्तरावर एक डोळा ठेवून. एक मुद्दा पूर्ण होईपर्यंतच वाचायचं, फार तर दोन पानं. पुस्तक मिटून हात पोचणार नाही इतकं लांब ठेवायचं. कोऱ्या कागदावर, क्रम-बिम न बघता, आठवेल ते लिहायचं. काही वेळाने सुचायचं थांबतं. तिथे लगेच पुस्तक उघडायचं नाही. आणखी दोन मिनिटं नुसतं बसायचं, आणि आधी लिहिलेल्या ओळींना धरून "मग याचा अपवाद काय होता? हे कुणाला लागू नाही?" असं स्वतःला विचारायचं. त्या दोन मिनिटांत बहुधा आणखी थोडं निघतं. मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाच्या पेनाने राहिलेलं आणि चुकलेलं भरायचं. तो दुसरा रंग म्हणजे उद्याचा अभ्यास. बाकीचं पुन्हा वाचत बसायची गरज नाही.

हायलायटरला माझा विरोध नाही, मुलं त्याने वही छान रंगवतात. पण २०१३ साली डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं, त्यात रेघा मारणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती "कमी उपयोगाच्या" रकान्यात गेल्या. वरच्या रकान्यात दोनच होत्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरणं.

कोरी_पाटी

मास्तर, काल रात्री करून बघितलं. दोन पानं वाचली, मिटली. पाच ओळी आल्या आणि पेन चावत बसले. तुम्ही म्हणता तशी त्या दोन मिनिटांत आणखी एक ओळ निघाली खरी. पण इतकं ढ वाटलं की काय सांगू! नुसतं वाचताना निदान बरं तरी वाटतं.

दोन शंका. आठवताना चुकीचं लिहिलं तर तेच डोक्यात घट्ट बसणार नाही का? आणि दोन पानांना एवढा वेळ लागला तर पुस्तक संपायचं कधी?

पानगळ

पहिल्या शंकेचं उत्तर: दुरुस्ती केली नाही तर बसू शकतं, केली तर नाही. उलट ज्या चुकीबद्दल आपल्याला छातीठोक खात्री होती ती सुधारल्यावर बरोबर उत्तर जास्त पक्कं बसतं, असं प्रयोगांत दिसलंय. आपली खात्री तोंडावर आपटली की लक्ष जागं होतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. त्यामुळे मास्तरांचा दुसऱ्या रंगाचा पेन टाळायचा नाही.

ढ वाटण्याबद्दल: रॉबर्ट बियॉर्क यांनी १९९४ मध्ये अशा अडचणींना "हव्याशा अडचणी" म्हटलं. सरावाच्या वेळी काम जड करणाऱ्या काही गोष्टींनी शिकलेलं पुढे जाऊन जास्त टिकतं, आणि सराव सोपा करणाऱ्या पुष्कळ गोष्टींनी टिकत नाही. त्यामुळे आज किती सहज जमलं यावरून महिन्याने किती येईल हे ठरवता येत नाही. सगळ्या अडचणी हव्याशा नसतात हेही खरं. बारीक टाइप, शेजारचा टीव्ही आणि वाईट पुस्तक या नुसत्याच अडचणी.

वेळेबद्दल: तुम्ही हाताशी आहे तोच वेळ एका दिवसात कोंबताय की पसरताय, यावर पुष्कळ अवलंबून आहे. इथे एबिंगहाउस यांचं नाव घ्यावंच लागतं. जर्मनीतल्या या गृहस्थांनी निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरल्या आणि त्याचा हिशेब १८८५ साली छापला. त्यांची मोजण्याची तऱ्हा हुशारीची होती. किती आठवतंय असं न विचारता, तीच यादी पुन्हा पाठ करायला किती वेळ वाचला, हे त्यांनी मोजलं. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के वेळ वाचत होता, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. म्हणजे सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांत होते आणि नंतर ती मंदावते. २०१५ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा विसरण्याचा आलेख जवळपास तसाच आला.

हेच आकडे नेटवर "माणूस एका दिवसात ७० टक्के विसरतो" असे फिरतात. तसं नाही. ते आकडे अर्थहीन अक्षरांचे आहेत, कलमांचे किंवा गोष्टींचे नाहीत. आणि ३४ टक्के वेळ वाचला याचा अर्थ बाकीचं सगळं पुसलं गेलं असाही नाही. जे आठवतही नाही त्याचीही काहीतरी खूण मागे राहते, म्हणून ते दुसऱ्यांदा लवकर येतं.

रानवारा

आमच्या ऑफिसच्या प्रशिक्षणात एक पिरॅमिड दाखवला होता. वाचलेल्याचे १० टक्के, ऐकलेल्याचे २०, बघितलेल्याचे ३०, केलेल्याचे ९० टक्के लक्षात राहतात. तो कितपत खरा?

पानगळ

त्या आकड्यांमागे कुठलाही प्रयोग नाही. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू काढला होता, त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कुणीतरी चिकटवली. आकडे सगळे दहाच्या पटीत आहेत, तिथेच खरं तर वास यायला हवा.

शून्यवादी

सगळे प्रतिसाद वाचले. माफ करा, पण ही घोकंपट्टीच झाली, फक्त नव्या कपड्यांत. विषय समजला की पाठ करावा लागत नाही. ज्याला कलमाचा हेतू कळला त्याला मुदत आठवेलच. कोऱ्या कागदावर ओकण्यापेक्षा विचार करा, चर्चा करा.

खडूमास्तर

अर्धं मान्य. अर्थ न कळता केलेलं पाठांतर टिकत नाही, आणि टिकलं तरी कामाला येत नाही. पण हेतू कळला म्हणून मुदत ३० दिवसांची की ४५ ची हे कुणाला उमगणार? ते ठरवणाऱ्याच्या मर्जीवर होतं, तर्कावर नव्हतं. तर्काने निघतं ते तर्काने काढावं, उरलेलं लक्षात ठेवावं. आणि विचार करायलाही हाताशी माल लागतो. एका वेळी आपल्या मनात चार-पाच गोष्टीच मावतात. मिलर यांनी १९५६ मध्ये सात म्हटलं होतं, पुढे कोवान यांनी २००१ मध्ये तो आकडा चारवर आणला. कलमाचा मजकूर आठवण्यातच त्या जागा अडल्या तर हेतूचा विचार कुठे करणार?

तुमच्या बाजूने एक मुद्दा देतो, जो या धाग्यावर अजून आलेला नाही: मिसळून सराव. एकाच प्रकारची वीस गणितं सलग सोडवली की हात बसल्यासारखा वाटतो. पण पहिल्या गणितानंतर कुठलं सूत्र वापरायचं हा प्रश्नच उरलेला नसतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला प्रकारवार गणितं दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावात प्रकारवार गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळलेल्या गटाची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिला गट २० वर आणि दुसरा ६३ वर. दोन्ही गटांना शिकवलं तेच होतं. फरक एवढाच, की दुसऱ्या गटाला प्रत्येक वेळी "हे कुठल्या प्रकारचं आहे?" हे आधी ओळखावं लागत होतं. शून्यवादी ज्याला समज म्हणतात त्यातला मोठा भाग हे ओळखणंच असतो.

ताईंना याचा उपयोग असा: एका प्रकरणाचे सगळे प्रश्न सलग सोडवू नका. दोन-तीन जवळच्या प्रकरणांचे प्रश्न कापून एकत्र करा आणि पिसा.

शून्यवादी

मिसळण्याचा मुद्दा पटला. घोकंपट्टी हा शब्द मागे घेत नाही.

चिकटगुंडा

आता माझ्या आवडीचा विषय. अंतर ठेवून उजळणी करायची तर हिशेब कोण ठेवणार? त्यासाठी कार्डं. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी सांगितलेली पेटी अजूनही उत्तम आहे. पाच कप्पे करायचे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे कप्पे जास्त जास्त दिवसांनी. एवढंच.

मोबाइलवर हेच काम अंकी नावाचं ॲप करतं. ते २००६ पासून आहे. त्याचं मूळ गणित सुपरमेमो या आधीच्या प्रोग्रामच्या पिओत्र वोझ्नियाक यांच्या १९८७ च्या सूत्रावरून घेतलेलं: पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, पुढे दर वेळी आधीच्या अंतराच्या साधारण अडीचपट. अलीकडे त्यात एफएसआरएस नावाचं नवं गणित आलंय, ते तुमच्याच चुका बघून अंतर ठरवतं. सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा आणि परत सेटिंगमध्ये जाऊ नका. अंकीच्या सेटिंगशी खेळणं हा अभ्यास टाळायचा जगातला सगळ्यात सुसंस्कृत मार्ग आहे.

खरी कला कार्ड लिहिण्यात आहे. बहुतेक लोक असं कार्ड करतात: पुढे "अपिलासंबंधीच्या तरतुदी", मागे आठ ओळी. हे कार्ड कधीच धड येत नाही आणि कधीच धड चुकत नाही. आठातल्या पाच ओळी आल्या तर बटण कुठलं दाबायचं? त्याची फोड करा. "आदेशाविरुद्ध अपील किती दिवसांत?" हे एक कार्ड. "ती मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची?" हे दुसरं. "मुदत उलटली तर माफी कोण देऊ शकतं?" हे तिसरं. "माफीसाठी काय दाखवावं लागतं?" हे चौथं. प्रत्येकाचं उत्तर चार-पाच शब्दांत संपलं पाहिजे. आणि शून्यवादींना खूश करायला पाचवं: "मुदत आदेशाच्या तारखेपासून न मोजता तो मिळाल्याच्या तारखेपासून मोजली तर कुणाचं भलं होतं?"

दुसऱ्याने केलेली तयार कार्डं घेऊ नका. कार्ड करताना जो विचार होतो तोच निम्मा अभ्यास असतो.

कोरी_पाटी

कार्डांची फोड फार पटली. माझी कालची सगळी कार्डं पहिल्या प्रकारची आहेत, फाडते. आणि मनातल्या महालाचं कुणी बोललंच नाही अजून!

दिंडीदरवाजा

मी बोलतो, मी त्या महालात राहतो. :)

पद्धत जुनी आहे. रोमन वक्ता सिसेरोने ती ग्रीक कवी सायमोनिडीसच्या नावावर सांगितली आहे. मेजवानीतून सायमोनिडीस बाहेर पडला, मागे छत कोसळलं, आणि कोण कुठे बसलं होतं ते आठवून त्याने मृतांची ओळख पटवली. कथा खरी असो-नसो, तत्त्व पक्कं आहे. ओळखीच्या जागा आपल्याला फुकटात लक्षात राहतात, तर त्या जागांवर नवी माहिती टांगायची. दार, चपलांचा कोपरा, आरसा, जिना असा ठरलेला क्रम घ्यायचा आणि प्रत्येक ठिकाणी एकेक चित्र ठेवायचं. चित्र जितकं विचित्र, हलतं आणि अतिशयोक्त, तितकं बरं.

हे काही जन्मजात देणं लागत नाही. ड्रेस्लर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये साध्या माणसांना सहा आठवडे, रोज अर्धा तास, हे शिकवलं. आधी ७२ शब्दांच्या यादीतले सव्वीस ते तीस आठवत होते, नंतर साठाच्या वर. चार महिन्यांनी पाहिलं तरी फायदा टिकून होता.

आकड्यांसाठी मात्र चित्र कुठून आणायचं? तिथे आपल्या लिपीत तयार सोय आहे, कटपयादी. क ते झ म्हणजे १ ते ९, ञ म्हणजे ०. ट ते ध पुन्हा १ ते ९, न म्हणजे ०. प ते म १ ते ५. य ते ह १ ते ८. सुटा स्वर म्हणजे ०, व्यंजनाला लागलेल्या काना-मात्रा मोजायच्या नाहीत. जोडाक्षर आलं तर शेवटचं व्यंजन धरायचं. जुन्या ग्रंथांत आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात, आपल्या कामापुरतं डावीकडून वाचलं तरी बिघडत नाही. समजा ५३२६३३ हा आकडा लक्षात ठेवायचाय. ५३२ म्हणजे म-ग-र. ६३३ म्हणजे त-ब-ला. मगर तबला वाजवतेय! आता हा आकडा विसरून दाखवा.

ताई, ३० दिवस असेल तर ग-न, ४५ असेल तर भ-म किंवा व-म. "गाणं" ३५ होतं, "गाना" ३०. अपिलाच्या दारात कुणीतरी भसाड्या आवाजात गाना गातंय असं चित्र ठेवा.

पानगळ

मगर भारी! पण महालाला थोडं जमिनीवर आणतो.

१९८० च्या सुमारास चेस आणि एरिक्सन यांनी एका साध्या विद्यार्थ्याला, त्यांच्या लेखनात तो एस. एफ. म्हणून येतो, ऐकलेले आकडे क्रमाने सांगायचा सराव दिला. सुरुवातीला त्याला आपल्यासारखे सातेक येत. दोनशेहून जास्त तासांच्या सरावानंतर तो ऐंशीच्या जवळ पोचला. तो धावपटू होता. ३४९२ ऐकलं की तो "३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाच्या विक्रमाजवळची वेळ" असं बांधून टाकायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. तो पुन्हा सहावर आला.

म्हणजे "स्मरणशक्ती" नावाचा एखादा स्नायू व्यायामाने फुगतो असं नाही. ज्या मालाचा सराव केला त्या मालाला कप्पे तयार होतात. स्मरणशक्तीच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांच्या मेंदूचा मॅग्वायर यांनी २००३ मध्ये अभ्यास केला, त्यातही मेंदूची रचना वेगळी आढळली नाही. पाठ करताना ही मंडळी जागा आणि वाटा वापरत होती, एवढाच फरक. त्यामुळे "मेंदूचे खेळ" खेळून कलमं लक्षात राहतील ही आशा सोडा.

महाल यादीला उत्तम. क्रम महत्त्वाचा असेल, मुद्दे एकमेकांशी तर्काने जोडलेले नसतील, तिथे वापरावा. भाषणाचे मुद्दे, अपवादांची यादी, वगैरे. समजून घ्यायच्या गोष्टीला तो काही मदत करत नाही. आणि मगरही महिनाभर कुणी तिची चौकशी केली नाही तर पाण्याखाली जाते. उजळणी तिलाही लागते.

दिंडीदरवाजा

उजळणी लागते हे मान्य. पण महालात फेरी मारणं म्हणजेच उजळणी, आणि तिला पुस्तक लागत नाही. रांगेत उभं असताना होते.

शब्दवेल्हाळ

माझ्या मुलाची शिक्षिका म्हणाली की तो "बघून शिकणारा" आहे, म्हणून त्याला सगळं चित्रांतून द्या. ऐकून शिकणारे, करून शिकणारे असे प्रकार असतात म्हणे. याने फरक पडतो का?

खडूमास्तर

आवडनिवड असते, पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं तर जास्त येतं याला आधार मिळालेला नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शोधाशोध केली, नीट बांधलेले प्रयोग मुळात थोडे निघाले आणि त्यांनीही या कल्पनेला दुजोरा दिला नाही. माध्यम विषयावरून ठरवावं. नकाशा बघूनच शिकावा लागतो आणि उच्चार ऐकूनच, मूल कुठल्याही प्रकारचं असो. चित्रं द्या, चित्रं सगळ्यांनाच मदत करतात. फक्त "मी बघून शिकणारा, मला वाचून येत नाही" असं मुलाच्या मनात बसू देऊ नका.

सुईदोरा

व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून थोडं वेगळं. जांभईरावांचा पहिला प्रतिसाद कुणी गांभीर्याने घेतला नाही, तो घ्यायला हवा. पाठ केल्यावर झोपलं तर तेवढाच वेळ जागं राहण्यापेक्षा कमी विसरलं जातं, हे जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलंय. नंतरच्या संशोधनात झोपेत दिवसभराच्या आठवणींची उजळणी मेंदू स्वतःच करतो असं दिसलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेलं सकाळपुरतं असतं, आणि झोप गेल्याने सकाळी लक्षही लागत नाही.

गोळ्यांबद्दल: गिंको नावाच्या झाडाच्या अर्कावर मोठी चाचणी झाली, तीन हजारांहून जास्त वयस्क माणसं, अनेक वर्षं. २००८ मध्ये निष्कर्ष आला, स्मृतिभ्रंश टाळण्यात त्याचा उपयोग दिसला नाही. निरोगी माणसाची स्मरणशक्ती वाढवणारी विश्वासार्ह गोळी नाही. मात्र बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी विसरभोळेपणा येतो आणि तो उपचाराने कमी होऊ शकतो. नाव पटकन न आठवणं, चष्मा शोधत फिरणं, हे सगळ्यांचं होतं. पण ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होणं, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीचे पैशांचे व्यवहार जमेनासे होणं, असं दिसलं तर तंत्र शोधत बसू नका, तपासून घ्या.

रानवारा

नावांचं निघालंच आहे तर, ओळख करून दिल्यावर दुसऱ्या मिनिटाला नाव जातं. चेहरा वर्षानुवर्षं राहतो.

पानगळ

सगळ्यांचं तसंच. एकच चेहरा दाखवून एकाला "हे सुतार आहेत" म्हणजे सुतारकाम करतात असं सांगा आणि दुसऱ्याला "यांचं आडनाव सुतार" असं सांगा. धंदा जास्त लक्षात राहतो, आडनाव कमी. असे प्रयोग इंग्रजी आडनावांवर झालेत. धंदा म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा सगळं मागोमाग येतं. आडनावाला असं काही चिकटलेलं नसतं, ते आपणच चिकटवायचं. पण बऱ्याचदा नाव विसरलेलं नसतंच, ऐकलेलं नसतं. आपण स्वतः काय बोलायचं या विचारात असतो. नाव ऐकलं की लगेच वापरा, आणि निरोप घेताना एकदा आठवून वापरा.

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार, खूप मिळालं. आता नेमका प्रश्न. परीक्षेला तीन महिने आहेत. एकदा केलेल्या प्रकरणाकडे किती दिवसांनी परत जाऊ? अंकी कार्डांचं बघेल, पण मास्तरांच्या कोऱ्या कागदाचं वेळापत्रक कुठलं?

आणि एक नवीच कटकट: कुठे १५ दिवस, कुठे ३० दिवस, हे सुटे सुटे येतात, पण एकमेकांत मिसळतात.

खडूमास्तर

सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक माणसांवर हेच तपासलं. परीक्षा आठवड्याने असेल तर दोन अभ्यासांतलं चांगलं अंतर त्या काळाच्या २० ते ४० टक्के, म्हणजे दीड ते तीन दिवस. परीक्षा वर्षाने असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे साधारण तीन ते पाच आठवडे. तुमचे तीन महिने मधे कुठेतरी बसतात, दहा ते वीस दिवसांनी परत या. अंतर थोडं जास्त झालं तर नुकसान कमी, फार कमी ठेवलं तर जास्त. त्यामुळे हिशेबात अडकला असाल तर लांबचा दिवस घ्या.

मी विद्यार्थ्यांना सांगतो ते असं: पहिला कोरा कागद त्याच दिवशी, दुसरा एक-दोन दिवसांनी, तिसरा दोन आठवड्यांनी, चौथा परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात. तिसऱ्याला सगळं गेल्यासारखं वाटेल. तसं वाटलं तरी लिहायला बसा, पुस्तक आधी उघडायचं नाही.

चिकटगुंडा

१५ आणि ३० च्या गोंधळाला वेगळं कार्ड लागतं. सुट्या कार्डांवर प्रत्येक मुदत एकेकटी विचारली जाते, म्हणून ती एकेकटी येते. परीक्षेत दोन्ही शेजारी शेजारी पर्याय म्हणून येतात. तेव्हा दोन्ही एकाच कार्डावर घ्या: "कुठल्याला १५, कुठल्याला ३०, आणि फरक का?" फरकाचं कारण पुस्तकात नसेल तर काहीही पटेल असं कारण स्वतः लावा, ते खरं असायची गरज नाही. फक्त परीक्षेत लिहू नका.

आणि एखादं कार्ड वारंवार चुकतच राहिलं तर अंकी त्याला जळू म्हणतं, आठ वेळा चुकल्यावर आपोआप बाजूला काढतं. ते परत आत ढकलू नका. कार्डाची शब्दरचना वाईट आहे, किंवा ते दुसऱ्या कार्डाशी भांडतंय, किंवा मूळ मुद्दा अजून कळलेलाच नाही. पुस्तक उघडून तेवढा परिच्छेद पुन्हा वाचा आणि कार्ड नव्याने लिहा.